तीन खाचा

...तीन खाचा. बंदुकीच्या पिनेच्या बुडाशी, एकीला लागून एक, कानशीच्या कडेने ओढलेल्या, आणि तिसरी किंचित तिरपी, कारण तिसऱ्या खाचेला मुकबिलचा अंगठा नेहमीच जरा सरकतो. गंज पुसायचा फडका हातात तसाच राहिला. त्याने पिन दाराच्या उजेडात धरली, डोळ्यांपासून लांब नेली, पुन्हा जवळ आणली. चष्म्याची काच पुसली. पण खाचा काही काचेवर नव्हत्या. त्या त्याच्याच होत्या, बाजारात दुसरा कोणी अशी खूण करत नाही, आणि दुसरा बंदूकवाला आहेच कुठे इथे.

म्हणजे ही बंदूक आधी आपल्याकडे येऊन गेली आहे.

पायरीवर ती बाई बसली होती, हमामा, पाठ दुकानाकडे करून. सकाळी चाऱ्याच्या फडक्यात गुंडाळलेली बंदूक तिने उंबऱ्यावर ठेवली होती, पिन मोडली आहे आणि स्प्रिंग गेली आहे एवढंच बोलली होती, आणि मग सावलीत सरकून बसली ती बसलीच. तीन वर्षांपूर्वी मुकबिलच्या थोरल्याला, सिनानला, ज्याने मारलं त्याची आई. बाजाराच्या हद्दीत कुणी कुणावर हात उचलत नाही, इथे गोळी झाडायचीही नाही, म्हणून वैऱ्याची आईसुद्धा तुमच्या पायरीवर निवांत बसू शकते, आणि समोरचा किशरवाला जाबिर तिला कॉफीच्या सालींचा गरम पेला नेऊन देतो, वर तुमच्याकडे बघून विचारतो, "उस्ता, आज हात अडलाय की डोकं?" जाबिरला उत्तर लागतच नाही म्हणा.

थकवा... सकाळपासूनचा नव्हे. तीन वर्षांचा. माणूस शोकाने मरत नाही, नुसता दमतो. हे त्याला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

उद्या दुपारच्या नमाजानंतर शेख हिजामच्या अंगणात तडजोड. खोऱ्याची रीत अशी, की मारणाऱ्या घराने तीन बंदुका मध्यस्थापुढे जामीन ठेवायच्या, तिघींतली एक जिने जीव घेतला तीच हवी, आणि ठेवण्याआधी प्रत्येकीचा एक बार आभाळात काढून दाखवायचा. मुकी बंदूक जामीन ठेवणं म्हणजे मेलेल्याची थट्टा. मग मध्यस्थ गुडघे झटकून उठतो आणि सगळं होतं तिथे परत. होतं तिथे म्हणजे रदवानपाशी. मुकबिलचा धाकटा, बावीस वर्षांचा, थोरला भाऊ पुरला तेव्हापासून दाढीला कात्री न लावलेला. आईने पाय धरले तेव्हा कुठे तडजोडीला कबूल झाला, पण उठताना म्हणालाच, "एक जरी मुकी निघाली ना बाबा, तर माझा शब्द सुटला." आणि तो सूड घ्यायला गेला तर हमामाच्या पोराचे, अब्दरब्बोचे चुलते आहेतच, ते त्याला काय सोडतात... एकाच घरातून दोन ताटं उठतील. बायकोने, लुत्फियाने, गेल्या आठवड्यापासून धड खाल्लेलं नाही.

म्हणजे आज मुकबिलने बंदूक नीट दुरुस्त केली तर रदवान जगेल. एवढं साधं. रात्रभर त्याने मनाची तयारी केली होती, की कुणाची आहे, काय केलंय तिने, बघायचं नाही, नुसती बंदूक बघायची. साधलंही होतं. बोल्ट उघडेपर्यंत.

...चार वर्षांपूर्वी? हो, चारच. बुरख्यातली एक बाई, लांडगा शेळ्यांत शिरतोय म्हणाली होती. तुर्क सोडून गेले तेव्हाची जुनाट बंदूक, चाप ओढला की नुसतं खट्ट. कुणाची, हे त्याने विचारलं नाही. बंदूक कुणाची हे दुकानात विचारायचं नाही, ही त्याच्या बापाची शिकवण. लॉरीच्या तुटक्या स्प्रिंगच्या पोलादातून पिन घडवली, तीनदा पाणी दिलं, मन लावून केलं. मी तेव्हा काय म्हणालो होतो? म्हणालो होतो, घेऊन जा बाई, आता ही तुमच्या नातवालाही दगा द्यायची नाही. केवढी ऐट होती मला. आणि नाहीच दिला दगा तिने. पाटाच्या पाण्यावरून शब्दाला शब्द लागला, अब्दरब्बोने बंदूक रोखली, सिनान म्हणे हसत होता...

हसत होता, कारण ती बंदूक मुकी आहे हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

मुकबिलने पिन लोखंड आवळायच्या शेगड्याजवळ, फडक्यावर ठेवली. अब्दरब्बोने शेखपुढे कुराणावर हात ठेवून सांगितलं होतं, की ती चालत नाही असंच मला वाटलं, भिववायला ओढला चाप. कुणी विश्वास ठेवला नाही. मुकबिल तर थुंकला होता. मारणारा प्रत्येक जण असंच म्हणतो. तीन वर्षं तो त्या वाक्यावर थुंकत आला होता, आणि आता ते वाक्य इथे, फडक्यावर, तीन खाचा घेऊन पडलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तो दाराशी गेला. कधी गेला ते त्याला कळलं नाही.

"ही आधी माझ्याकडे येऊन गेलीय," तो म्हणाला.

हमामा वळली नाही. पेल्यातला गाळ तिने पायरीखाली ओतला.

"ठाऊक आहे. मीच आणली होती."

"तुम्ही?"

"लांडग्यासाठी. पोरगा तेव्हा शहरात होता, बांधकामावर. ईदला आला, खुंटीवरची काढून पाटावर गेला. मी शेतात होते. नीट झालीय, आत काडतूस आहे, हे त्याला सांगायचं राहून गेलं."

राहून गेलं. जसं मीठ आणायचं राहतं. मुकबिलला ओरडायचं होतं, पण ओरडायलाही बळ लागतं. त्याने विचारलं ते एवढंच, की मग तीन वर्षं गप्प का, बोलला असतात तर तुमच्या पोराचा गुन्हा निम्मा झाला असता.

"आणि उरलेला निम्मा कुणाला दिला असता, उस्ता? तुम्ही हात तोडून घेतले असते." मग खालच्या आवाजात, "तुमच्या पोराला माती देऊन लोक परत आले त्या दिवशी मी बंदूक पाण्याच्या टाक्यात टाकली. परवा पोरांनी गळ घालून काढली. चाप तर त्यानेच ओढला ना. मुकी असो नाहीतर बोलकी, माणसावर रोखतात का?"

जाबिर पेला न्यायला आला आणि दोघांकडे बघून पेला तसाच ठेवून परत गेला.

दुपारभर मुकबिलने काम केलं. डब्याच्या तळाशी त्याच लॉरीच्या पोलादाचा तुकडा उरला होता. तोच घेतला. दुसराही होता, नवा, पण हात त्याच्याकडेच गेला. वाईट काम करता येईल का, याचा विचार त्याने केला नाही असं नाही... केसभर आखूड ठेवली की उद्या अंगणात खट्ट, आणि मग? मग रदवान. छे, आणि खरं सांगायचं तर हाताला ते जमलंही नसतं. हात म्हणजे बैल, वळण लागलेल्या चाकोरीतूनच जाणार. पाणी दिलं, स्प्रिंग बदलली, बोल्ट बसवला. त्याआधी खाचा ओढायच्या की नाही यावर बराच वेळ कानस धरून बसला. मग ओढल्या. एक, दोन, आणि तिसरी तिरपी.

रिकामा चाप ओढला. खट्ट, स्वच्छ. पण आवाजाने काही ठरत नाही. बाजारात बार काढता येत नाही, कळेल ते उद्याच. तीन वर्षं खोऱ्यात कुठेही, कुणाच्या लग्नातही बार झाला की तो कानांवर हात ठेवत असे, लुत्फिया खिडकी लावून घेई. आणि आता त्याच्या ध्यानात आलं, की उद्या ही वाजावी असं त्याला वाटतंय. मनापासून. हिचा, हिचाच आवाज कानांनी ऐकायला मिळावा असं. याची लाज वाटेल म्हणून तो थोडा वेळ थांबला, पण लाज आली नाही, नुसता थकवा होता, आणि तोही जरा निराळा, ओझं दुसऱ्या खांद्यावर घेतल्यासारखा.

हमामाने बंदूक फडक्यात गुंडाळली, उठताना गुडघ्यावर हात दाबला. त्या पोराचं नाव मुकबिलने तीन वर्षांत उच्चारलं नव्हतं, बायकोपुढेसुद्धा नाही.

"अब्दरब्बोच्या आई," तो म्हणाला.

ती थांबली.

"या वेळी त्याला सांगा. चालते म्हणून."

तिने मान हलवली आणि चाऱ्याच्या गाड्यांमधून वाट काढत निघून गेली. मुकबिल शेगडा पुसत बसला. जुनी मोडकी पिन अजून फडक्यावरच होती. ती टाकायची की ठेवायची, हे त्याला ठरवता येईना.