पाव इंच सैल

भिंगरीचा राग एरवी नाकावर असायचा. त्या दुपारी तो थेट हातात उतरला होता. सव्वाचार वाजले होते. पाचच्या आत तिच्या पुलाचं डिझाइन स्पर्धेच्या साइटवर चढलं नाही, तर तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात जाणार होती. डिझाइन लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉपला वाय-फाय दिसायलाच तयार नाही. नेटवर्कची यादी कोरी. पेन ड्राइव्ह होता, तो दादा मित्राकडे विसरून आलेला.

दादा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता, पण घरात त्याला आतापासूनच ‘इंजिनिअर’ म्हणत. त्याने लॅपटॉपकडे ढुंकूनही न बघता निकाल दिला, की हिनेच काहीतरी फालतू डाउनलोड केलं असणार. मग त्याने राउटर बंद केला, चालू केला, कपाटावरून उतरवून खिडकीत मांडला.

भिंगरीने तोवर आईच्या फोनचा हॉटस्पॉट लावून पाहिला. लॅपटॉपला तोही दिसेना.

“दादा, हॉटस्पॉटपण दिसत नाहीये. म्हणजे राउटरचा दोष नाही. घोळ लॅपटॉपमध्येच आहे.”

“आता तू मला शिकवणार?”

आणि त्याने आईच्या टाचणीच्या उशीतली टाचणी उपसून राउटरच्या मागच्या भोकात खुपसली. दिवे विझले, पुन्हा लागले, आणि राउटर पासवर्डसकट सगळं विसरून कोरा झाला. कनेक्शनवाला फोनवर म्हणाला, उद्या येतो. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, आणि सुळी देणारा वर मान डोलावत होता.

शिलाई मशीनवरून डोळे न काढता आई म्हणाली, की मोठ्या भावाला उलट बोलू नये. हे जास्त झोंबलं. भिंगरी लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात गेली आणि दार इतकं आपटलं की कपबशा वाजल्या.

रडायला वेळ नव्हता. सकाळी तर चालत होता. मग काय झालं? मग तिने तो आईने कालच शिवलेल्या कव्हरमध्ये ठेवला होता. उरलेल्या पिवळ्या पडद्याचं कव्हर, इतकं मापात की लॅपटॉप दोन्ही हातांनी रेटावा लागे. आईचा शब्दच होता, ढगळ काम माझ्या मशीनवर होत नाही.

तिने कडेवरून बोट फिरवलं. पुढच्या बाजूला, खाली, काहीतरी टोचलं. वाय-फाय चालू-बंद करायचं नखाएवढं सरकतं बटण, आणि त्याच्या खाचेत अडकलेला पिवळा दोरा. शेजारचा दिवा विझलेला. तिने दोरा ओढून काढला, बटण नखाने परत सरकवलं. दिवा लागला. यादीत अख्ख्या इमारतीतली नेटवर्क धडाधड उगवली.

चार एक्कावन्न. घरचं वाय-फाय दादाच्या कृपेने गेलेलं, म्हणून आईचा हॉटस्पॉट. पट्टी गोगलगाईसारखी सरकली. चार सत्तावन्नला साइटने कळवलं, प्रवेशिका मिळाली.

“बघ,” दारातून दादा म्हणाला, “रीसेट केल्यावर आलं की नाही?”

भिंगरीने शांतपणे हॉटस्पॉट बंद केला आणि लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. “मग चालव आता तुझ्या राउटरवर.”

दादा पासवर्ड आठवत असल्यासारखा छताकडे बघू लागला.

ती लॅपटॉप आणि कव्हर घेऊन आईसमोर उभी राहिली. “आई, हे पाव इंच सैल कर.”

मशीन थांबलं. वीस वर्षांत आपलं माप चुकलं नाही, हे आईने तिला अगदी थंड आवाजात ऐकवलं.

“माप बरोबरच आहे. पण लॅपटॉप आत जाताना कव्हर ते बटण सरकवतं. तूच घालून बघ.”

आईने लॅपटॉप रेटून आत घातला, बाहेर काढला. दिवा विझला होता. बटण सरकवून तिने पुन्हा घातला, पुन्हा काढला. पुन्हा विझला. तिने कव्हर उलटं केलं.

“इंजिनिअर,” ती म्हणाली, “छोटी कात्री आण. आणि कुठून उसवायचं, ते हिला विचार.”

भिंगरीचा राग अजून गेला नव्हता. पण कुठून उसवायचं, ते तिने दादाला सांगितलं. दोनदा सांगितलं.