इंजिनाच्या पोटातील फिकट माणूस

मी एक जुना कॅमेरा आहे. जळगावच्या मेहरूण भागातील एका लोखंडी कपाटात माझा मुक्काम असतो. पूर्वी बंदरावर काम केले, तेव्हाच्या समुद्राच्या दमट हवेने माझ्या भिंगाच्या कडेला बुरशी धरली आहे. मित्रांनो, मी भुतांवर विश्वास ठेवत नाही. माझ्यावर जेवढा प्रकाश पडतो, तेवढाच मी नोंदवतो. तरीही माझ्याजवळचे एक चित्र पाहून लोक अजून आवाज खाली आणतात.

माझे मालक अभिमनभाऊ मूळचे पाचोऱ्याचे. बंदरातील सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून जहाज कोरडे उभे करतात त्या प्रचंड खड्ड्यात, ते दुरुस्तीची छायाचित्रे काढत. तेथे जहाजाचा तळ छतासारखा डोक्यावर असतो. कोठेतरी हातोडा पडतो. कोठे, ते पोलाद सांगत नाही. अशा जहाजाचे इंजिन तीन मजली असते आणि त्याच्या पोटात माणूस उभा राहू शकतो.

त्या दिवशी शिरपूरकडील एका गावाचे पाच जण त्या पोटात साफसफाई करत होते. नियम असा, की आत जाताना प्रत्येकाने आपला बिल्ला दारावरील फळीवर टांगायचा आणि बाहेर येताना स्वतः काढायचा. हे पाचही जण मात्र एकाच गावचे. जो आधी निघेल तो सर्वांचे बिल्ले काढून आणी, जसे तो सर्वांचे डबेही आणी.

दुपारी साफसफाई संपून फळी रिकामी झाल्यावर अभिमनभाऊंनी मला दारापाशी तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवले, अंधारामुळे माझ्या भिंगाची झडप तीस सेकंद उघडी ठेवली आणि ते बाहेर पुढचा दिवा लावायला गेले. मी एकटा आत पाहत राहिलो. मग त्यांनी डेकवर जाऊन चित्रे घरी पाठवली, कारण अहवाल रत्नाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, तयार करत. त्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात.

घरात काय घडले, ते मी पुढे अनेकदा ऐकले. एका चित्रात एक माणूस होता. त्याच्या छातीतून मागचे पोलाद दिसत होते.

सासूबाई भिकुबाई म्हणाल्या, "भूत शे ते. अभिमनले सांग, घर निंघी ये."

"अक्का, भूत हेल्मेट घालस का?"

"तठलं, गोदीमधलं भूत घालत व्हई."

रत्नाताईंनी आकृतीचा फिकेपणा तपासला. तीस सेकंदांपैकी साधारण दहा सेकंदच कोणी तेथे स्थिर उभे होते. त्यानंतरच्या चित्रात कोणीच नव्हते. त्यांनी फोन लावला.

"अहो, आत कोण आहे?"

"कोणी नाही. फळी रिकामी आहे, इंजिनाची झाकणे लागली. आता इंजिन फिरवून पाहणार आहेत."

"बिल्ले नका मोजू. माणसे मोजा."

अभिमनभाऊ खाली धावले. मुख्य अभियंत्याचा हात बटणाजवळ होता.

"एका सावलीसाठी काम थांबवू?" त्याने विचारले.

"नुसती सावलीच निघाली तर उशीर माझ्या नावावर लिहा," अभिमनभाऊ म्हणाले आणि बटणासमोर उभे राहिले.

माणसे मोजली. चार भरली; पाचवा, वना, नव्हता. पाचही बिल्ले आधी बाहेर आलेल्या ललितच्या खिशात होते.

"वना मांगेच व्हता," ललित म्हणाला.

झाकणे उघडली. अगदी शेवटच्या कप्प्यात वना पडलेला होता. सफाईच्या रसायनाच्या वाफेने त्याची शुद्ध हरपली होती. श्वास मात्र चालू होता. इंजिन अर्धा फेरा जरी फिरले असते, तरी त्याच्या जागी काही उरले नसते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याला ते चित्र दाखवले. 

"भाऊ, मी या बाजूला आलोच नाही," तो म्हणाला. "मी सुरुवातीपासून शेवटच्याच कप्प्यात होतो."

वाफेने बधिर झालेल्या मेंदूची आठवण विश्वासार्ह नसते, असे रत्नाताई म्हणतात. मलाही तेच पटते. चेहरा हललेला असल्याने तो कोणाचा हे मी सांगू शकत नाही.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, त्यांची भिंगे पुसा. पण कोणतेही झाकण लावण्यापूर्वी आत वाकून एकेकाला नावाने हाक मारा. उत्तर आले नाही, तर आत कोणी नाही असे समजू नका.