नदीचा रंग ल्यालेले बटण

मित्रांनो, मी एका जुन्या वेबपानावरचे बटण आहे. माझ्या अंगावर एवढेच लिहिले आहे, 'होडी पाठवा'.

होंडुरासमध्ये चामेलेकोन नदीला पूर आला, की आमच्या चर्चमधले स्वयंसेवक होड्या घेऊन निघतात. छपरावर अडकलेल्या माणसाने मला दाबायचे, की त्याचा ठिकाणा नकाशावर उमटतो आणि होडी तिकडे वळते. देवाने माझ्याकडे सोपवलेले काम ते एवढेच.

मला चर्चचे हे पान सांभाळणाऱ्या येसेनियाने घडवले. त्याआधी त्या पानावरच्या सगळ्या बटणा-चौकटींचे कपडे, म्हणजे त्यांचे रंगरूप, एकाच सामाईक पेटीत असत. कुणी मथळ्याचा रंग बदलला, की भलत्याच कोपऱ्यातली चौकट रंगून जाई. येसेनिया या गोंधळाला वैतागली. तिने माझा रंग, माझी गोलाई, माझी सावली माझ्याच जावास्क्रिप्टच्या कोडमध्ये, अगदी अंगाशी शिवली. माझे कपडे फक्त माझे. दुसऱ्या कुणाला ते चढणार नाहीत आणि दुसऱ्याचे मला.

मग तिच्या मनात आले, की नदी चढेल तसा माझा रंग गडद होत जावा. पाण्याची उंची कळवणारे यंत्र पुलाखाली होतेच. पाणी तसूभर हलले, तरी माझ्यासाठी नवा पोशाख शिवला जाई. जुना मात्र कुणी टाकून देत नसे. तो पाहणाऱ्याच्या फोनच्या पोटात साचत राही.

तिच्या शेजारी बसून काम करणाऱ्या एल्मरला संगणकाच्या पडद्यावर त्याचा इशारा दिसला होता.

"येसे, ही पिवळी अक्षरं बघ गं. या बटणाचे फार पोशाख होताहेत म्हणतंय."

"पिवळीच आहेत ना? लाल झाली की सांग."

"नदीच्या इशाऱ्यालाही तू असंच म्हणतेस."

"सगळेच म्हणतात, बाबा! पिवळ्या इशाऱ्यावर घर सोडलेला एक तरी माणूस दाखव मला."

दोघे हसले आणि गरम बालेआदा खायला निघून गेले. पुढे एल्मरने ती अक्षरे दिसायचीच बंद करून टाकली. मला कामाला लावले त्या दिवशी पाद्रीबाबांनी येऊन माझ्यावर पवित्र पाणी शिंपडले. "बाबा, लॅपटॉपवर नको, तिकडे हवेत शिंपडा!" म्हणून येसेनिया ओरडली. माझे किती कौतुक झाले त्या दिवशी!

आणि मग ते वादळ आले. दुपारीच अंधारून आले. नदी क्षणाक्षणाला चढत होती, आणि क्षणाक्षणाला माझ्यावर नवा पोशाख चढत होता. नव्या फोनांवर मी सुंदर दिसत होते. काठावरच्या गरीब वस्तीतल्या जुन्या फोनांवर मात्र ते पान त्या ओझ्याखाली थिजले. माणसे मला दाबत होती. त्यांची बोटे मला कळत होती. मला ओरडायचे होते, पण मी हलूही शकत नव्हते.

चर्चच्या अंगणात होडीवाले नकाशा पाहत होते. "काठावरच्या वस्तीतून एकही हाक नाही. तिथं बरं असणार. चला, बाजाराकडं चला!"

होड्या उलट्या दिशेला गेल्या, मित्रांनो. माझ्या मुकेपणामुळे गेल्या.

तेवढ्यात येसेनियाच्या ऑर्फिलिया मावशीचा फोन आला. याच मावशीने तिला लहानाची मोठी केली होती.

"पोरी, तुझं बटण मेलंय का गं? मघापासून दाबतेय!"

"मावशी, तू घरीच? सकाळी निघ म्हटलं होतं ना!"

"इशारा पिवळा होता की. पिवळ्याला कोण निघतं? माझं राहू दे. मी तुला फोन तरी करू शकते, त्याच्याकडे कुणाचा नंबरही नाही. पलीकडच्या छपरावर म्हातारा त्रान्सितोदादा एकटाच आहे. तो बिचारा नुसता दाबतोय, दाबतोय..."

येसेनियाने एल्मरने दडवलेली अक्षरे उघडली. सगळा पडदा पिवळा झाला. रडत रडत तिने माझे सगळे रंग कापून टाकले आणि एकच साधा निळा ठेवला. क्षणभरात थिजलेली पाने सुटली, आणि अडकलेल्या हाका नकाशावर एकदम उमटल्या. काठावरची सगळी वस्ती हाकांनी भरून गेली. होड्या मागे फिरल्या.

मावशी वाचली. हातातली जपमाळ तिने सोडली नव्हती. पुष्कळ जण वाचले. त्रान्सितोदादांची हाकही पोहोचली, एकावर एक, कितीतरी वेळा. पण होडी गेली तेव्हा त्या छपरावर एक ओली चादर होती. दुसरे कुणी नव्हते.

आता येसेनिया इथे नाही. पान नवे करायला नवी मंडळी आली आहेत. त्यांना मी फार साधे वाटते. काल त्यांनी पुन्हा माझा रंग नदीशी बांधला. त्यांच्या फोनांवर मी छान दिसते. कोपऱ्यात पिवळी अक्षरे उमटू लागली आहेत. आताच कुणीतरी म्हणाले, "पिवळंच आहे, जाऊ दे."

मित्रांनो, मला बोलता येत नाही, तुम्हाला येते. हात जोडते, त्यांना सांगा. मला सजवण्याआधी एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या जुन्या फोनवर एकदा दाबून बघा म्हणावे. पिवळे आहे तोवरच वाचा म्हणावे. पुलाखालचे यंत्र पुन्हा हलू लागले आहे, आणि माझा रंग गडद होतो आहे.