डाव्या बाजूची तक्रार नाही

प्लंबरच्या धंद्यात तक्रार नाही म्हणजे लाइन चालू. मिस्तरींनी हा नियम जन्मभर पाळला, आणि पुढे स्वतःच्या पोटालाही लावला. तिथंच घोडं पेंड खातं!

झालं होतं असं. काही वर्षांपूर्वी डाव्या मूत्रपिंडातून निघालेला खडा खालच्या नळीत अडकला, आणि गेला तो व्रण ठेवून. व्रणानं नळी आवळली. कॅन्सर वगैरे काही नाही, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून लेझरनं ती जागा मोकळी केली. पुन्हा आवळू शकते, दरवर्षी तपासायला या, असंही बजावलं. मिस्तरी एकदा गेले. पुढं डावी कूस अधूनमधून जड व्हायची, बायको मागं लागायची, आणि ह्यांचं ठरलेलं उत्तर, बघू. मग ते जडपण आपोआप गेलं. मिस्तरींनी बायकोची यथेच्छ चेष्टा केली आणि हाताखालच्या सगळ्यांना जेवायला नेलं. त्या दिवशी बायकोही पोटभर हसली होती.

आता नव्या नोकरीआधीच्या तपासणीत काहीतरी दिसलं, म्हणून बाईंनी मोठा स्कॅन करवला. चित्रात उजवी बाजू उजळलेली होती आणि डावीकडे जवळजवळ काळोख. नळी पुन्हा आवळली होती, बाई म्हणाल्या, आणि डावं मूत्रपिंड आता नावापुरतंच उरलंय. नळी आत्ता मोकळी करून उपयोग नाही. उजवं छान आहे, तेवढं जपा.

मिस्तरींचं डोकं चालेना. दुखत नाही, ताप नाही, लघवी तर धो धो होते. ती एकट्या उजव्याची, असं बाईंनी समजावलं. तरी त्यांना काही पटेना.

"मग दुखायचं थांबलं कसं?"

"त्यानं काम करायचं थांबवलं, म्हणून."

बाहेर बाकावर बसल्यावर मिस्तरींना बंद फ्लॅट आठवले. तिथून कधी तक्रार येत नाही. लाइन तुंबलेली असली तरी नळ उघडतो कोण? एवढी साधी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही, हेच त्यांना कळेना. बरं वाटलं ते खोटं होतं, की आज ऐकलं ते? आणि ते जेवण? आपण नक्की कशाचं जेवण घातलं? त्यांना रडावं की हसावं ते समजेना.

बायको शेजारीच बसली होती. त्यांना टोचून बोलायचा हक्क तिचा होता. पण तिनं हळूच विचारलं, "अहो, उजवीकडे काही दुखतंय का?"

"नाही," मिस्तरी म्हणाले.

आणि दोघंही घाबरली. तशीच उठली, आणि पुढच्या तपासणीची तारीख घ्यायला खिडकीसमोरच्या रांगेत जाऊन उभी राहिली.