चुलीवर खोचलेली लग्नाची डीव्हीडी

परशूची थोरली लेक भाग्यलक्ष्मी लग्न होऊन अणशीला गेली, त्या वर्षीचा माझा जन्म. सन २०१०. मी एक जुनी डीव्हीडी आहे. गुंद गावातल्या परशूच्या घरात मला सगळे सीडीच म्हणत. मित्रांनो, मी रागावलेली आहे आणि ते लपवणार नाही.

माझ्या पोटात दोन तासांचं लग्न होतं. त्यात परशूचा बाप लखू मांडवात घुमट, म्हणजे मडक्याला कातडं ताणलेलं वाद्य, वाजवत होता. वाजवता वाजवता तो बायकोकडे वळून ओरडला, "फुले, बघत काय बसलीस? नाच की!" पुढच्या पावसाळ्यात लखू वारला. घरात त्याचा एक फोटोही नव्हता. जो काही लखू उरला, तो माझ्यात.

दर शिमग्याला मला लावत. फुला पुढे सरकून बसायची आणि त्या हाकेला म्हणायची, "गप रे, म्हाताऱ्या!" सगळे हसत. तेव्हा माझा मान होता. पुढे वीज पडून टीव्ही आणि प्लेयर दोन्ही जळले. दहा वर्षं मी पत्र्याच्या पेटीत पडून राहिले. फुलाचा एक डोळा गेला, दुसरा अंधूक होऊ लागला. तेव्हा ती परशूला म्हणाली, "डोळा हाय तवर तुझ्या बापाला एकदा दाव."

फोनवर उतरवून घ्यायला परशू मला रामनगरला योगेशच्या मोबाईलच्या दुकानात घेऊन गेला. योगेशने संगणकाच्या पडद्यावर सर्वांत कमी दर्जाचा पर्याय निवडला. माझ्या चित्रात ५७६ आडव्या ओळी होत्या, त्याने १४४ ठेवल्या. चौकोनी चित्र ताणून फोनभर लांब केलं. आवाजाचा दर्जाही तळाला नेला.

"काका, तुमच्या गुंदात रेंजसाठी टेकडी चढावी लागते. बारकंच करतो, पटकन जाईल."

"व्हय बाबा, तुला कळतंय," परशू म्हणाला.

पाठवायचं कुणाला होतं? फोन घरात, बघणारी घरात. फोनच्या कार्डात जागा रिकामी होती. योगेशने विचारलं नाही आणि परशूने सांगितलं नाही. झालेलं काम लावून बघायचंही दोघांना सुचलं नाही.

घरी येऊन परशूने मला चुलीवरच्या माळ्यावर, पेंढ्यात बांधलेल्या भाताच्या बियाण्याच्या मुड्यांत खोचलं. "धुरात बी वर्षभर टिकतं, कीड लागत न्हाई. ही काय मरतीय?" बियाण्याला धूर मानवतो. मी वाकडी झाले, उन्हात घातलेल्या पापडासारखी.

इकडे परशूने फोन आईपुढे धरला. "आये, बघ, बा!"

फुलाने फोन नाकाला लावला. "कुठं रं? ही तर चिखलाची ढेकळं. आन् ह्यो जाड्या कोण?"

"बाच हाय गं तो."

"माझा न्हवरा काठीसारखा हुता. आन् घुमट कुठाय? डबा बडवल्यासारखं वाजतंय." हाकेची वेळ आली. नुसती खरखर ऐकू आली. फुला म्हणाली, "बंद कर."

दांडेलीला शिकणारी धाकटी नात नेत्रा सुट्टीत आली. तिने एका नजरेत ओळखलं. "बाबा, चित्र होतं तेवढंच ठेवायचं. ताणायचं न्हाई, आवाज कमी करायचा न्हाई. आजच्या फोनला हे सहज झेपतंय. सीडी आण, परत करून घेऊ."

परशूने मला माळ्यावरून काढलं. नेत्रा मला घेऊन तशीच रामनगरला गेली. योगेशच्या यंत्राने मला तीनदा बाहेर फेकलं. त्याच्याकडेही ती बारकी प्रतच उरली होती.

"मोठं पाहिजे होतं तर आधी सांगायचं," योगेश म्हणाला.

"विचारायचं तुम्ही!" नेत्रा ओरडली. माझ्याकडे आवाज असता तर मी त्याहून मोठ्याने ओरडले असते.

मित्रांनो, जुनं चित्र फोनवर घ्याल तेव्हा कोण बघणार आणि कुठे बघणार, हे आधी सांगा. पाठवायची बारीक प्रत हवी तर वेगळी करा. दुकानातच लावून चेहरा ओळखू येतो का ते बघा. आणि मूळ वस्तू कोरड्या, थंड जागी ठेवा, चुलीवर नाही. परशू वाईट माणूस नव्हे, योगेशही नव्हे. पण हयगयीला मी माफ करणार नाही.

फुलाने पुन्हा कधी फोन मागितला नाही. ती गुंदच्या घरी २०२४ च्या श्रावणात, दुसऱ्या सोमवारी सकाळी वारली.