वरच्या मजल्याचं पाणी

सरांना यातून काय मिळणार होतं ते आधी बघू. बढती नाही, बक्षीस नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. फार तर धाकट्या भावजयीचं तोंड पाच मिनिटं उतरलेलं बघायला मिळालं असतं. तेवढ्यासाठी त्यांनी माळ्यावरची सगळी काचेची भांडी खाली काढली.

सरांनी सरकारी प्रयोगशाळेत तीस वर्षं पाणी तपासलं होतं. घर दोन मजली. खाली सर आणि बायको, वर धाकटा भाऊ, भावजय आणि सहा वर्षांची पुतणी. भावजय जिन्यात येऊन म्हणाली, "भाऊजी, नळाला कुजका वास येतोय. पोरगी कालपासून ओकतेय. गच्चीवरची टाकी उघडून बघता का?"

टाकी महिन्यापूर्वी सरांनीच धुतलेली, झाकण त्यांनीच लावलेलं, गच्चीची किल्लीही त्यांच्याच खिशात.

"वास तुझ्या मोरीचा असेल. फिनेल टाक जरा," सर म्हणाले. "पाणी मी तपासतो. शास्त्रीय पद्धतीने."

तक्रार ज्या नळाची, नमुना त्याच नळाचा, हे सरांनी कित्येक शिकाऊंना दरडावून शिकवलं होतं. पण भावाशी भांडल्यापासून त्याच्या घरात पाय ठेवायचा नाही, असा त्यांचा बाणा. म्हणून बाटली भरली ती स्वतःच्या स्वयंपाकघरात. तीन दिवसांनी जिन्याच्या भिंतीवर अहवाल झळकला : पाणी पिण्यास योग्य. खाली लफ्फेदार सही.

जेवताना बायको म्हणाली, "अहो, आपल्या नळाला टाकीचं पाणी येतंच कुठे? आपली लाईन सरळ रस्त्यावरून."

सरांचा घास हातातच राहिला. कळलं, लख्ख कळलं. मग त्यांनी तो घास शांतपणे गिळला.

"आता सही झालीय."

"फाडा की तो कागद! पोर आजारी आहे वर."

"म्हणजे तिच्यापुढे जाऊन चुकलो म्हणू? तू नक्की कोणाच्या बाजूची?"

दुसऱ्या दिवशी पुतणीला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. बायकोने खुंटीवरच्या पँटमधून किल्ली काढली आणि गच्ची गाठली. झाकण तिरकं बसलेलं. आत कबूतर, फुगून दुप्पट झालेलं, वर तेलकट साय. तिने धरून ओढलं तर नुसता पाय हातात आला.

उरलेलं बादलीत गोळा करून तिने ते सरांच्या पुढ्यात ठेवलं. सरांनी नाकाला रुमाल लावला.

"मी टाकीबद्दल कुठे काय लिहिलंय? वाच की. एक शब्द चुकीचा दाखव."

तिने खरंच वाचलं. एकही नव्हता. कबुतराने जे झालं नव्हतं ते आता झालं. ती मोरीकडे धावली आणि भडभडून ओकली.

तर कोणी काय भुर्दंड भरला? पुतणीने नऊ दिवस सलाईनवर काढले. भावजयीने ते नऊ दिवस बाकावर बसून. भावाने बिऱ्हाड हलवलं, जाताना अहवालावर थुंकला. सरांची बायको आठवडाभर डाव्या हाताने, चमच्याने जेवली; कबुतराचा पाय आलेला उजवा हात तोंडाजवळ नेववेना. सरांच्या नावावर शून्य.