उघाडीवरचा जिताडा

टक्.

मग काहीतरी घरंगळत गेल्याचा आवाज, आणि पलंगाच्या पायाला थडकून तोही बंद.

दुपारचे अडीच वाजले होते. लाइट गेलेली, पंखा थांबलेला. ईश्वरी झोपली असं समजून मी नुकती खिडकीशी पाय पसरून बसले होते. आवाजानंतर आतल्या खोलीत जी शांतता झाली ती लबाड होती. पाच वर्षांच्या मुलीची आई ती लगेच ओळखते.

जाऊन बघते तर माझी लग्नातली ट्रंक उघडी, साड्या जमिनीवर आणि ईश्वरी अर्धी पलंगाखाली.

"आई, हे बघ! बोराएवढं आहे पण किती जड आहे."

शिशाचं वजन होतं ते. तिच्या मांडीवर बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा होता. आत लाकडाच्या फळकुटावर गुंडाळलेला तंगूस, गळाचा जाड नायलॉनचा दोरा, पिवळट पडलेला, आणि फडक्यात बांधलेले तीन गळ. बाबांनी हा डबा लग्नात मला न विचारता साड्यांच्या खाली ठेवला होता. मला माहीत होतं तो तिथे आहे. आठ वर्षांत मी एकदाही उघडला नव्हता.

"कशाचं आहे हे?"

"मासे धरायचं. दे इकडे, टोचेल."

"पण मासे तर मार्केटमधून येतात," ईश्वरी म्हणाली. माझ्या मुलीने हे म्हणावं!

कारण माझं माहेर खाडीकाठच्या दिवाळे गावातलं. आमच्या नेरूळच्या फ्लॅटपासून रिक्षाने पंधरा मिनिटं. गावातले बाकीचे जाळं टाकायचे, माझे बाबा मात्र गळाचे. किसन म्हटलं की खाडीकाठी लोक विचारायचे, जिताडेवाला किसन का? जिताडा म्हणजे आमच्या खाडीतला राजा. पाठ उंच, तोंड मोठं, डोळा निखाऱ्यासारखा. जाळ्यात सहसा नाही सापडत, पण उघाडीवर हमखास येतो. शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून खाडीला बांध घालतात, त्या बांधात पाणी सोडायला लाकडी फळीचं दार असतं, ती उघाडी. ओहोटीला फळी उचलली की आतलं पाणी धो धो बाहेर पडतं, सोबत कोळंबी, बारीक मासे. आणि खालच्या खड्ड्यात जिताडा तोंड वर करून उभाच.

मी दहा वर्षांची असल्यापासून बाबांनी मला तिथे बसवलं. काठी नाही, चक्र नाही. नुसता तंगूस, आणि तो धरणारा हात. बाबांचा नियम एकच होता. जिताडा गळाला लागला की पाण्याबाहेर उडी मारतो आणि डोकं झटकतो. त्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, तंगूस ताणलेला असेल तर खलास. म्हणून, "तो वर गेला का तू खाली बस." खाली बसायचं, हात जमिनीला टेकवायचा, तंगूस ढिला सोडायचा.

एकवीस वर्षांची असताना मी हे विसरले. एवढा मोठा मासा मी कधी बघितलाच नव्हता. तो उडाला आणि मी पण उभी राहिले, सगळा जोर लावून ओढत. माझ्या हातून तंगूस सुटायला लागला तशी बाबांनी झडप घालून तो नुसत्या हाताने धरला. मासा गेला. बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं हाडापर्यंत कापली. टाके पडले, जखम भरली, पण ती बोटं परत मिटली नाहीत. पळता तंगूस धरायचा तर बोटं मिटायला हवीत; बाबांचं गळ टाकणं तिथेच संपलं.

बाबा एवढंच म्हणाले होते, "जाऊ दे बाय. मोठा होता."

पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. मग ईश्वरी, तिचे दात, तिचे डोस, तिची बालवाडी. गळ टाकायला वेळ कुठेय, मी सगळ्यांना सांगायचे, आणि ते खोटंही नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. माझ्या हातांवरचा माझा विश्वासच उडाला होता. तान्ह्या ईश्वरीला अंघोळ घालतानासुद्धा मी दोनदा पकड तपासायचे.

त्याच आठवड्यात बाबा आले. चहा बशीत ओतला, ईश्वरीला मांडीवर घेतलं, आणि टीव्हीकडे बघत म्हणाले, "उघाडी बुजवनार हायेत. दिवाली झाली का दगड टाकनार. रस्ता काडतात तिकडून."

मी पोळी लाटत होते. लाटणं थांबलं.

"पुढच्या रयवारी पानी चांगला हाय. तू ये."

"मी?"

"मंग कोन? ही बोटं येनार हायेत का?" त्यांनी सहज हात वर केला. मला टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नाही. म्हणूनच जास्त लागलं.

"बाबा, माझ्याकडून नाही होणार."

"एक जिताडा, बाय. त्या उघाडीवरचा शेवटचा. तुज्या हातात मना बगायचाय."

यावर नाही म्हणता येतं का कुणाला?

दहा दिवस होते. ईश्वरी दुपारी झोपली की मी लॅच लावून, किल्ली कमरेला खोचून गच्चीवर जायचे. तंगूस नवा आणला होता. त्याला नुसतं शिसं बांधायचं, गळ नाही. पाण्याच्या टाकीजवळ बादली ठेवायची, शिसं डोक्यावरून दोन वेळा फिरवायचं आणि सोडायचं. पहिल्या दिवशी ते बादलीच्या जवळपासही गेलं नाही. एकदा तर थेट दुसऱ्या मजल्यावरच्या आबिदाभाभींनी गच्चीवरच वाळत घातलेल्या चादरीत. त्या नेमक्या चादरीमागेच होत्या.

"या अल्ला! अरुणा, मारतेस काय मला?"

मी मेल्याहून मेल्यासारखी. पण आबिदाभाभी उरणकडच्या. त्यांनी शिसं उचललं, तळव्यावर तोललं आणि माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

"जिताडा?"

"हो."

"मग मनगट का एवढं आखडतेस? पोळीवर तूप सोडतेस तसं सोड. आणि मला काय मिळणार?"

"आधी मिळू तर दे भाभी."

"डोकं माझं. आत्ताच सांगून ठेवते. बाकीचं तुमचं."

दुसऱ्या दिवसापासून बादली त्याच धरायला लागल्या, म्हणजे धरून लांब उभ्या राहायला. पाचव्या दिवशी शिसं बादलीत पडलं, ठण्ण! आम्ही दोघी एवढ्या ओरडलो की सोसायटीचे सेक्रेटरी खालून बघायला आले. त्यानंतर दहातले सहा तरी आत. भाजी चिरताना, वेणी घालताना, रिक्षाची वाट बघताना माझा अंगठा आपोआप तर्जनीवर घासायचा, जणू मध्ये तंगूस आहे.

रविवारी सुभाषही आले. माझे यजमान साताऱ्याकडचे, तळोज्याच्या कंपनीत सुपरवायझर. बांधावरून चालताना त्यांनी गंभीरपणे विचारलं, "जिताडा म्हणजे मोठं पापलेटच ना?"

बाबा चालता चालता थांबले. "जावय, तुमी फक्त फळी उचला."

साडेदहापर्यंत खाडीला ओहोटी चांगली लागली. सुभाष आणि बाबांनी मिळून फळी उचलली आणि उघाडी गर्जायला लागली. तो वास! चिखल, शेवाळ, खारं पाणी. आठ वर्षांचं सगळं एकदम नाकात शिरलं. मी साडीचा काष्टा मारला आणि खड्ड्याच्या कडेला चिखलात उतरले. जिवंत कोळंबी घेतली, शेपटीकडच्या कड्यातून गळ असा घातला की ती मरू नये, उड्या मारत राहावी. हातांना सगळं आठवत होतं.

फेकलं. पाणी जिथे फेसाळून शांत होतं बरोबर तिथे पडलं. बांधावरून ईश्वरीने टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं एवढंच असतं.

दहा मिनिटं. वीस. आणि धप्! तंगुसावर कुणीतरी गुद्दा मारावा तसं. मी लगेच झटका दिला. रिकामा गळ पाण्याबाहेर येऊन माझ्या पायाशी पडला.

"घाई," बाबा म्हणाले.

मला ठाऊक होतं. जिताडा आधी कोळंबी नुसती तोंडात ओढतो, मग वळतो. वळला की मगच झटका. दहाव्या वर्षी शिकलेली गोष्ट. माझे कान गरम झाले.

"बाबा, तुम्हीच धरा. डाव्या हाताने धरा. मी फक्त मागून..."

बाबा बांधाच्या दगडावर बसले होते. त्यांनी दोन्ही तळवे मांड्यांखाली सरकवले आणि त्यांच्यावर बसून राहिले, शाळेतल्या मुलासारखे.

"मी नाय हात लावनार. मासा गेला तरी नाय. तू जान आनि तो जाने."

मला रडू येणार होतं तेवढ्यात लक्षात आलं, हे तळवे त्यांनी माझ्यासाठी दाबून ठेवलेत. मागच्या वेळी मला वाचवायला पुढे आले होते तेच.

मी दुसरी कोळंबी लावली.

पाणी आता निम्मं उतरलं होतं. खड्ड्याचा काठ दिसायला लागला होता. अजून अर्धा तास, मग संपलं. सुभाष घड्याळाकडे बघायला लागले होते, ईश्वरी "आई, भूक" म्हणायला लागली होती. आणि धप्!

मी हलले नाही. श्वाससुद्धा घेतला नाही. तंगूस बोटावर हलकेच सरकला, एक वीत, दोन वीत. तो वळत होता. वळू दे. वळू दे रे बाबा.

आता!

झटका दिला आणि हात खांद्यातून निघतो की काय असं वाटलं. तंगूस सूंऽऽ करत पळाला. मी तो मुठीत अडवला नाही, दोन बोटांतून पळू दिला, जिथे जरा थांबला तिथे हात हात ओढून घेतला. तळवा भाजत होता. आणि मग खड्ड्याच्या मधोमध पाणी फुटलं आणि तो वर आला. पुरता वर! चांदीची परात कुणी आकाशात भिरकावली असं ते अंग, कल्ले फाकलेले, डोकं डावी-उजवीकडे झटकत.

माझं सगळं शरीर म्हणत होतं, उभी राहा, ओढ.

मी बसले. फतकल मारून चिखलात बसले, हात पुढे टाकला, तंगूस ढिला सोडला.

"पडली! आई पडली!" ईश्वरी किंचाळली.

"पडली नाय गो!" बाबांचा आवाज फाटला होता. "बसली! बसली माजी बाय!"

तो पाण्यात आपटला. मी उठले, ओढला. तो पुन्हा उडाला, मी पुन्हा बसले. तिसऱ्यांदा तो अर्धाच वर आला आणि मला कळलं की दमलाय. मी पण दमले होते. हसत होते की ओरडत होते ते मला सांगता येणार नाही. सुभाष म्हणतात मी त्याला शिव्या घालत होते, अस्सल आगरी, ज्या त्यांनी लग्नानंतर कधीही ऐकल्या नव्हत्या.

कडेला आणल्यावर कल्ल्याला हात न लावता, हाताला पंचा गुंडाळून त्याच्या खालच्या जबड्यात अंगठा घातला आणि मागे मागे सरकत त्याला चिखलावर ओढला. ईश्वरीपेक्षा थोडाच कमी लांब. शेपटी आपटली की चिखल थेट माझ्या तोंडावर.

बाबा मांड्यांखालून हात काढून उतरले. त्यांनी माशाकडे बघितलंच नाही. माझे दोन्ही तळवे उलटे करून बघितले, एकेक बोट मिटवून बघितलं. सगळी दहा मिटत होती. मग त्यांनी ते तळवे आपल्या कपाळाला लावले आणि पटकन दुसरीकडे वळून सुभाषना म्हणाले, "बगलं का पापलेट?"

सुभाष नुसते मान हलवत होते. कॅमेरा गळ्यात होता, पण एकही फोटो काढायचं त्यांना सुचलं नव्हतं.

ईश्वरी सगळ्यात शेवटी आली, चपला हातात घेऊन, चिखलात पाय जपून टाकत. आधी माशाभोवती एक चक्कर मारली.

"हा चावतो?"

"नाही. पण कल्ला कापतो."

"याला आपण खाणार?"

"हो. आणि डोकं आबिदामावशीचं."

"तू त्याच्यावर ओरडत होतीस?"

"थोडंसं."

मग ती माशाकडे बघायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. माझा सुटलेला अंबाडा, गालावरचा चिखल, अजून धापा टाकणारी छाती, आणि तोंडभर पसरलेलं हसू जे मला आवरत नव्हतं. खूप वेळ बघत राहिली. एखादी नवीन बाई घरी आल्यावर मुलं बघतात तसं. तिने बोटाने माझ्या गालावरचा चिखल पुसला, खाली अजून मीच आहे ना ते बघावं तसा, आणि हळूच विचारलं,

"आई, मी नव्हते तेव्हा तू रोज अशी असायचीस?"